शेत भिंतीवर लावताना

आमचे मंगळवेढ्याकडचे सात एकर रान विकायचे ठरले, तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, "विकून टाक. पण त्याआधी ते या भिंतीवर लावून दे."

मी फोटो मोठा करून आणला. अण्णांनी तो पाहिला आणि म्हणाले, "हे कुणाचेही शेत असेल."

झाले! वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी तैलरंग शिकायला निघालो. भांडवल काय, तर शाळेत एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा कशीबशी पास झालेली! शेजारच्या निवृत्त ड्रॉइंग-मास्तरांना गुरू केले. शेत म्हणजे हिरवे, या हिशेबाने हिरव्या रंगाच्या दोन मोठ्या ट्यूबा आणल्या. मास्तरांनी त्या बाजूला ठेवल्या. "हिरवा आपण तयार करायचा," ते म्हणाले. अल्ट्रामरीन निळा, पिवळा ऑकर, बर्न्ट सिएना आणि पांढरा. बस्स, एवढाच संसार.

ट्यूब मात्र मोठी उपकारी वस्तू. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने 1841 साली ती शोधून काढली. त्यापूर्वी तयार रंग डुकराच्या फुग्यात, म्हणजे मूत्राशयात, बांधून नेत. ट्यूब आली आणि रंग घेऊन शेताच्या बांधावर बसणे चित्रकारांना सोपे झाले.

या रंगातले तेल असते जवसाचे! ज्याची चटणी आपण भाकरीशी खातो, तेच जवस. ते पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून चित्र वाळायला कित्येक दिवस लागतात. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला आणि वरचे थर अधिक तेलकट, हा नियम. तो मोडला, की काळ्या रानाला उन्हाळ्यात पडतात तशा चित्राला भेगा पडतात. टर्पेंटाइनच्या वासाने सौ.ने मात्र विचारलेच, "घरात रंगकाम काढलेय की काय?"

जानेवारीत बांधावर बसलो. शाळू भरात होता, माळ्यावरून गोफण फिरत होती. मी बारीक ब्रशाने एकेक ताट काढू लागलो. तीन तासांनी शेताचा खराटा झाला! मास्तरांनी पॅलेट-नाइफने सगळे खरवडले. "ताटे मोजू नका. डोळे किलकिले करा आणि घोळका पाहा."

पाहिले, आणि थक्क झालो. पायाजवळचा शाळू पिवळसर, तर दूरचा निळसर राखाडी, कारण मध्ये हवा आहे. काळी माती काळी नव्हतीच. सावलीत जांभळट, उन्हात करडी. ज्या रानात जन्मलो, ते मी आजवर पाहिलेच नव्हते!

तिसरा कॅनव्हास अण्णांपुढे ठेवला. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "बांधावरची बाभूळ कुठाय?"

"अण्णा, ती बहात्तरच्या दुष्काळात तोडलीत ना?"

"तोडली. तुझ्या आईने आणि मी मिळून तोडली. बैलांना पाला हवा होता. पण ती तिथेच होती."

तैलरंगाची हीच मौज, वाळलेल्या चित्रावरही पुन्हा काम करता येते. अण्णा बोटाने जागा दाखवत गेले, मी रंग लावत गेलो. "जरा डावीकडे वाकलेली," ते म्हणाले. मी वाकवली.

एप्रिलात खरेदीखत झाले. सह्या करून घरी आलो, तर अण्णा चित्रापुढे खुर्ची टाकून बसले होते. मला म्हणाले, "बाभळीखाली सावली टाकायची राहिलीय. उन्हातून आल्यावर माणसाने बसायचे कुठे?"

मी ब्रश घेतला.