शेवाळातले तेल आणि उसातली साखर



शेवाळापासून डिझेल निघते, अशा बातम्या आपण अधूनमधून वाचतो. उद्या कोणी म्हणेल, लांज्याकडचा कातळ पडीकच आहे, तेथे तळी बांधा आणि कारखान्याने भांडवल घालावे. भांडवल म्हणजे शेवटी आपल्याच बिलातून कापलेल्या ठेवी. तेव्हा हे तेल तयार कसे होते, ते आधी समजून घेतलेले बरे.

पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर हिरवे, बुळबुळीत धरते, त्यात एकेका पेशीची सूक्ष्म शेवाळे असतात. ही पेशी उसासारखीच ऊन, पाणी आणि हवेतला कर्बवायू घेऊन अन्न तयार करते. ऊस ते साखरेच्या रूपाने कांड्यात साठवतो. काही जातींची शेवाळे तेलाच्या थेंबांच्या रूपाने साठवतात.

पेशीतली ही कामे विकरे करतात. विकर म्हणजे एन्झाइम. हे एक प्रथिन असते. ते रासायनिक क्रिया झपाट्याने घडवते आणि स्वतः खर्ची पडत नाही. पाटाची दारे डोळ्यांपुढे आणा. पाणी तेच, पण कोणते दार उघडे त्यावर कोणते वावर भिजणार हे ठरते. तेलाच्या वाटेवरचे पहिले मोठे दार ‘एसीसीएज’ या विकराचे. तेथून माल स्निग्धाम्लांच्या साखळ्यांकडे वळतो. शेवटचे दार ‘डीजीएटी’चे. ग्लिसरॉलवर दोन साखळ्या बसलेल्या असतात, हे विकर तिसरी बसवते, की झाले तेल.

खरी मेख पुढेच आहे. पाण्यात नत्र भरपूर असले, की पेशी प्रथिने करते, वाढते, एकीच्या दोन होतात. तेल मात्र बेताचेच. नत्र तोडले की वाढ थांबते आणि माल तेलाकडे वळतो. म्हणजे पीक जोरात तर तेल कमी, तेल जास्त तर पीक बसले.

आपल्याला हे नवे नाही. थंडी पडली, वाढ मंदावली, की उसात साखर भरते. कोवळ्या कांड्यांत ‘इन्व्हर्टेज’ हे विकर जोरात असते. ते साखर फोडून वाढीला लावते. मोठ्या बांधणीनंतर उशिरा युरिया टाकला, तर ऊस हिरवागार दिसतो, पण वाढ चालूच राहते आणि उतारा घसरतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला, की हेच विकर भरलेली साखर फोडू लागते.

मग तेलाचे पहिले दार जबरीने उघडले तर? तेही करून झाले. अमेरिकेत 1978 ते 1996 सरकारी खर्चाने शेवाळाच्या तेलावर संशोधन चालले. ‘सायक्लोटेला’ या शेवाळात एसीसीएजचा जनुक जादा घातला. विकराचा जोर वाढला, पण तेल वाढले नाही. वरचे दार उघडून काय उपयोग, खालची दारे तशीच राहिली! पुढे 2017 मध्ये दुसऱ्या एका शेवाळात, दारांना हुकूम देणारा जनुक मंद केला. तेव्हा वाढ फारशी न घटता तेलाचा वाटा सुमारे 20 टक्क्यांवरून 40 च्या वर गेला. एवढे होऊनही या कामाला पैसा पुरवणाऱ्या एक्झॉनमोबिलने 2023 मध्ये हात आखडता घेतला.

आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने 2012 मध्ये शेवाळाचे डिझेल मिसळून मोटार चालवून दाखवली. म्हणजे तेल निघते, यात शंका नाही. अडते ते खर्चापाशी. तळे ढवळायचे, पेशी गाळायच्या, सुकवायच्या, मग तेल काढायचे. त्यात कोकणात चार महिने ढग आणि धो धो पाऊस. ऊन कमी, आणि तळ्यात पावसाचेच पाणी!

डिस्टिलरीच्या सांडपाण्यावर शेवाळ वाढवा, असेही सुचवले जाते. शुद्ध व पातळ केलेल्या सांडपाण्यावर शेवाळ वाढेल, पाण्यातले नत्रही ते शोषून घेईल. पण नत्र आहे तोवर तेलाची आशा धरू नये.

इंधनाचे आपले हुकमी विकर मळीतच आहे. यीस्टचे इन्व्हर्टेज साखर फोडते, पुढची विकरे तिचे अल्कोहोल करतात. फडात जे चोर, तेच डिस्टिलरीत चाकर! पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळण्याची योजना 2003 मध्ये आली. 2025 मध्ये मिश्रण 20 टक्क्यांवर पोचले.

तेव्हा शेवाळाची योजना सभेपुढे आलीच, तर तीन प्रश्न विचारा. वाढ आणि तेल यांचे आकडे एकाच तळ्याचे आणि वर्षभराचे आहेत काय? गाळून-सुकवून लिटरला खर्च किती? पावसाळ्यात काय करणार? मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचाही सल्ला घ्यावा. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत ठेवींना हात लावू नये.

आणि आपल्या हातातले दार आपण सांभाळावे: उशिरा युरिया नको, आणि तोडलेला ऊस लगोलग गव्हाणीत पोचवा.