चिलटाच्या डोक्यातले घड्याळ

इफ्तारच्या ताटातले केळे उरले आणि जरा जास्त पिकले, की दुसऱ्या दिवशी त्यावर चिलटे जमतात. आपण ती हाताने हाकलतो. पण सजीवाच्या शरीरातले घड्याळ आतून कसे चालते, हे विज्ञानाला या इवल्याशा फळमाशीने शिकवले.

1971 मध्ये अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना तीन तऱ्हेच्या माश्या सापडल्या. एकीचा दिवस 19 तासांचा, दुसरीचा 28 तासांचा, तिसरीला वेळेचे भानच नाही. तिन्हींतला बिघाड एकाच जनुकात होता. त्याला ‘पिरियड’ म्हणतात. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांनी पुढे त्याचे काम उलगडले. त्यासाठी त्यांना 2017 चे नोबेल मिळाले.

गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी भरले की चेंडू वर येऊन नळ बंद करतो, पाणी उतरले की नळ पुन्हा सुरू होतो. पिरियड जनुकाचे प्रथिनही असेच साठत जाते. रात्री ते ‘टाइमलेस’ नावाच्या जोडीदारासह पेशीच्या केंद्रकात शिरते आणि आपल्याच जनुकाचे काम थांबवते. मग ते झिजून संपते आणि जनुक पुन्हा कामाला लागते. ही फेरी सुमारे 24 तासांची. उजेड पडला की टाइमलेस मोडू लागते आणि घड्याळ रोज सूर्याशी जुळते.

माशीच्या मेंदूत लाखाहून अधिक पेशी आहेत. घड्याळाचे काम मात्र त्यांतल्या थोड्याच पेशींकडे असते आणि त्यांतही वाटणी आहे. एक गट पहाटेची लगबग सांभाळतो, दुसरा सांजवेळेची. भर दुपारी माशी विसावते. रोजेदाराची सहेरी आणि इफ्तार दिवसाच्या याच दोन काठांवर येतात. दुपारची छोटी झोप, म्हणजे कैलुला, ही तर सुन्नतच.

पिरियडचे भाऊबंद जनुक माणसातही आहेत. रमजानमध्ये तरावीहमुळे झोपायला उशीर होतो आणि सहेरीसाठी पहाटे उठावे लागते. रात्र दोन्हीकडून कातरली जाते. त्यात मोबाइलचा उजेड डोळ्यांवर पडत राहिला, तर शरीराचे घड्याळ आणखी मागे पडते. मग विद्यार्थी वर्गात पेंगतो आणि इफ्तारसाठी घाईने घरी निघालेल्या दुचाकीस्वाराला डुलकी लागते. रोजा नसलेल्या घरांतही परीक्षा आणि रात्रपाळी हेच करतात.

म्हणून तरावीहनंतर फोन बाजूला ठेवा. सकाळचे ऊन थोडा वेळ अंगावर घ्या. जमेल तेव्हा दुपारी वीस मिनिटे आडवे व्हा. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा मात्र स्वतः बदलू नका, डॉक्टरांना विचारा. अंगावर झोप असेल, तर गाडी बाजूला घ्या. खजूर आणि पाणी जवळ असले, की रोजा रस्त्याच्या कडेलाही सोडता येतो.