उगारलेला हात कोण धरणार?

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात उभे राहिले, की एका बाजूला कारखान्यांच्या बसगाड्या दिसतात आणि दुसरीकडे देहू-आळंदीकडे जाणारे रस्ते. येथील बिऱ्हाडकरूंना वाटते, की गाव संपले आणि शहर झाले. पण माघ उजाडून जत्रांचा हंगाम सुरू झाला, की ट्रकवर गुलालाने माखलेले, झुली पांघरलेले बैल याच रस्त्यांनी जाऊ लागतात आणि शहराखाली दबलेले गाव पुन्हा डोके वर काढते. शेजारच्या चिखलीत 2022 च्या मे महिन्यात झालेल्या बैलगाडा शर्यतीत पहिले बक्षीस काय असावे? चांदीची गदा नव्हे, मानाचा फेटा नव्हे, चक्क जेसीबी! ज्या यंत्राने येथली शेते खणली, तेच बैलाच्या पायाशी बक्षीस म्हणून येऊन उभे राहिले.

इतके मोठे बक्षीस समोर असले, म्हणजे माणसाचा हात शिवशिवतो. तो हात कोण धरणार, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

घाट आणि घोडी

ज्यांनी आमच्या भागातील शर्यत पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सातारा-सांगलीकडे छकड्यावर माणूस बसून बैल हाकतो. आमच्या खेड, जुन्नर, मावळ या पट्ट्यात गाडा 'घाटात' पळतो. घाट म्हणजे चढाची, दोन्ही बाजूंनी माणसांनी फुललेली धावपट्टी. चार बैल जुंपतात. पुढच्या जोडीला जुकाट म्हणतात. गाड्यावर कोणी बसत नाही. बैलांच्या पुढे धावते ती घोडी, पाठीवर स्वार घेऊन. तिच्या मागे बैल जिवाच्या आकांताने सुटतात, 'भिर्रर्र'चा पुकारा होतो, भंडारा उधळला जातो आणि काही सेकंदांत 'बारी' संपते. वर्षभर पोराप्रमाणे सांभाळलेल्या जनावराचा निकाल घड्याळाच्या एका काट्यावर लागतो.

मी एकदा खेडकडच्या एका वृद्ध गाडामालकांना विचारले, "आबा, न मारता बैल खरेच पळतो का हो?"

आबा हसले. म्हणाले, "साहेब, मारलेला बैल एक बारी पळतो. दुसऱ्या बारीला तो आधी माणसाकडं बघतो, मग घाटाकडं. माणसाकडं बघणारा बैल काय कामाचा?"

पुस्तकात सापडणार नाही असे हे शास्त्र आहे. पण गंमत अशी, की सातासमुद्रापलीकडच्या शास्त्राने आबांचीच री ओढली आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 साली घोड्यांच्या शर्यती मोजून पाहिल्या. शेवटच्या टप्प्यात घोडा दमलेला असताना जॉकी चाबूक ओढतात. त्या चाबकाने घोडा अधिक वेगाने धावल्याचे काही त्यांना आढळले नाही.

बंदी आली, बंदी गेली

मग आपल्याकडे मारले जात नव्हते का? जात होते. पराणीने टोचणे, शेपूट पिरगळणे, प्रसंगी चावणे, आसूड ओढणे, विजेचा झटका देणे, हे सारे प्रकार कोणी शत्रूने रचलेल्या कथा नव्हत्या. म्हणूनच 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूबरोबर आपल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. महाराष्ट्राने 2017 साली स्वतःचा दुरुस्ती कायदा व नियम केले. उच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम पाळण्याच्या अटीवर शर्यतींना परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. घाटाघाटांत पेढे वाटले गेले.

पण पेढा खाताना अट विसरून चालणार नाही. कायदा टिकला तो एवढ्याच आधारावर, की नियमांमुळे जनावराचे हाल कमी होतात. धावपट्टी हजार मीटरांहून लांब नको, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, जनावराची वैद्यकीय तपासणी हवी, काठी-चाबूक-टोचणी-विजेचा झटका नको आणि सर्व शर्यतीचे चित्रीकरण हवे. मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. उद्या हे नियम कागदावरच राहिले, तर घटनापीठापुढे जिंकलेली बाजू आपल्याच हाताने हरल्यासारखे होईल.

आणि घोडी? तिच्या स्वाराने तिला फोडून काढले, तर ती 'बैल' नसल्याने तिच्या वाट्याला येतो 1960 चा मूळ कायदा. त्यात मारणे, लाथ घालणे, जनावराला शक्तीबाहेर दामटणे हे सारे गुन्हे आहेत; मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत! 1960 साली पन्नास रुपयांना वजन होते. आज निगडीत तेवढ्यात धड न्याहारीही होत नाही. एकाच घाटात, एकाच बारीत, एकाच तऱ्हेच्या क्रौर्याला एका जनावरापायी पाच लाख आणि दुसऱ्यापायी पन्नास, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला पटणार नाही.

रेसकोर्सवरची शिस्त

येथेच मला तासाभराच्या अंतरावरील पुण्याचे रेसकोर्स आठवते. पावसाळ्यात तेथे घोडे धावतात. त्या जगाची तरफदारी मला करावयाची नाही; पैजांपायी उद्ध्वस्त झालेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. पण शिस्तीची एक पद्धत तेथून उचलण्याजोगी आहे.

तेथे जॉकीला परवाना लागतो आणि तो त्याच्या स्वतःच्या नावावर असतो. शर्यतीवर 'स्टीवर्ड' म्हणजे पंचमंडळ नजर ठेवते. संशय आला, की चित्रफीत समोर ठेवून जॉकीला बोलावले जाते, त्याचे म्हणणे ऐकले जाते आणि मग दंड किंवा काही दिवसांची बंदी. एका क्लबाने दिलेली बंदी इतर क्लबही मानतात. म्हणजे मुंबईत दरवाजा बंद झाला, तर बेंगळूरची खिडकी उघडी नसते. देशाच्या 2001 च्या नियमांत चाबूकही कसा असावा हे सांगितले आहे: धक्का शोषून घेणारा, हवेची गादी असलेला.

इंग्लंडात तर फटके मोजतात. तेथे 2011 साली ग्रँड नॅशनल ही जगप्रसिद्ध शर्यत 'बॅलाब्रिग्ज' घोड्याने जिंकली. त्याचा जॉकी जेसन मॅग्वायर याला त्याच शर्यतीतील चाबकाच्या वापराबद्दल पाच दिवसांची बंदी झाली. लोकांना प्रश्न पडला: पाच दिवस घरी बसून ग्रँड नॅशनल मिळत असेल, तर कोण नाही म्हणेल? हा प्रश्न बारा वर्षे धुमसत राहिला. 2023 पासून तेथे सपाटीच्या शर्यतीत सहा व अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे आणि मर्यादेपेक्षा चार किंवा अधिक फटके पडले, तर घोडाच बाद होतो. बक्षीसही गेले, मानही गेला. नॉर्वेने तर 1982 सालीच चाबकाने घोडा पळवणे बंद केले. तेथील शर्यती काही थांबलेल्या नाहीत.

आपल्या घाटासाठी

या सर्वातून मला एक गोष्ट उमगते. मोठी शिक्षा क्वचित होण्यापेक्षा लहान शिक्षा तत्काळ आणि हमखास झालेली बरी. तीन वर्षांच्या कैदेची धमकी सर्वांना ठाऊक असते. पण तक्रार, पंचनामा, खटला या वाटेने ती येईपर्यंत बैल म्हातारा होतो. शिवाय गावात तोंड कोण उघडणार? आरोपी कोणाचा तरी भाचा असतो, साक्षीदार कोणाचा तरी सोयरा.

म्हणून यात्रा कमिट्यांना माझे नम्र सांगणे तीन गोष्टींचे आहे. जुंपणाऱ्या आणि घोडीवर बसणाऱ्या प्रत्येक माणसाची नावानिशी नोंद असावी. चित्रीकरण होतेच, ते सरकारी कपाटात जाण्याआधी त्याच संध्याकाळी पंचांनी पाहावे आणि पंचांत एक जनावरांचे डॉक्टर असावेत. ज्या बारीत पराणी किंवा चाबूक दिसला, त्या बारीचे सेकंद रद्द करावेत आणि तसे ध्वनिक्षेपकावरून पुकारावे. पुढच्या गावच्या घाटानेही त्या माणसाला त्या हंगामात उभे करू नये. आणि हे घोडीलाही लागू असावे.

गाडामालक बक्षिसासाठी पळवत नाही, नावासाठी पळवतो. त्याच्या खिशापेक्षा त्याच्या नावाला लागलेला चटका अधिक काळ हुळहुळतो. निवेदकाच्या ज्या पहाडी आवाजात त्याच्या बैलाची कीर्ती घाटभर घुमते, त्याच आवाजात "बारी बाद, जनावराला मारले" असे एकदा ऐकू आले, तर त्या गावात पुढली दहा वर्षे कोणी पराणी हातात घेणार नाही.

वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळून दिवाळी सुरू करतो, पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतो. हा मान वर्षातून दोन दिवस देणे सोपे आहे. घाटातील ते बारा-तेरा सेकंद अवघड आहेत. आणि मुलाबाळांना घेऊन शर्यत पाहावयास जाणाऱ्या आपण शहरवासीयांनी शिट्टी कशाला वाजवावी आणि कशाला वाजवू नये, हे ठरवले, तरी त्या सेकंदांत पंचांच्या पाठीशी चार माणसे अधिक उभी राहतील.