उताराला दोन्ही ब्रेक!

बालमित्रांनो, डहाणूहून आशागड, चारोटी, कासा करत जव्हारच्या डोंगराकडे सायकल न्यायची आहे? मग सोबत मोठं माणूस हवंच. चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आडवा येतो. तिथे उतरून सायकल हातात धरा. पुढे वर्दळ त्या मानानं कमी, चढ मात्र जास्त. बिनगिअरची सायकल असेल तर खुशाल ढकलत चाला. त्यात कसली लाज?

खरी परीक्षा उतारावर, बरं का! नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबलात, तर मागचं चाक उचलतं आणि तुम्ही हँडलवरून पुढे! दोन्ही ब्रेक मिळून, वळण यायच्या आधीच दाबा. पावसात रिम ओली असते, ब्रेक उशिरा लागतो. तेव्हा आणखी आधी. निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर तपासा. झिजून लोखंड दिसत असेल, तर आज सायकल घरीच.