दोन टोप्या आणि एक बंदूक

अमेरिकेच्या रॉकी पर्वतात १८२० ते १८४० या काळात फरच्या व्यापारासाठी हिंडणाऱ्या शिकाऱ्यांचे चित्र चित्रपटांमुळे आपल्याकडेही पोहोचले आहे. कातड्याचे कपडे, वाढलेली दाढी आणि हातात हॉकेन रायफल. कुणाचाही मिंधा नसलेला माणूस, असा त्या चित्राचा अर्थ लावला जातो. या बंदुकांविषयी हाती लागेल ते मी बरीच वर्षे वाचत आलो आहे, आणि माझे मत नेमके उलट झाले आहे. या बंदुकीने शिकाऱ्याला तारले, तसेच बाजाराला बांधूनही टाकले. ते तिच्या रचनेतच दिसते.

आधी शिकारीविषयी. हा सारा व्यापार बीव्हर या पाणवठ्यावरच्या प्राण्याच्या कातड्यांवर उभा होता. त्याच्या आतल्या मऊ लोकरीचा फेल्ट करून युरोप-अमेरिकेतल्या प्रतिष्ठितांच्या उंच टोप्या बनत. पण बीव्हर गोळीने मारत नसत. उथळ पाण्यात लोखंडी सापळा लावायचा, वर काडीला बीव्हरच्याच ग्रंथीतला उग्र वासाचा स्राव फासायचा. वासाने आलेला प्राणी सापळ्यात अडकून बुडत असे. बंदूक लागे ती पोटासाठी आणि जिवासाठी. बायसन पाडायला, ग्रिझली अस्वलापासून वाचायला, आणि माणसांशी गाठ पडली तर त्यांच्याशी लढायला.

ही ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. अमेरिकी दारूच्या कारखान्यांना लागणारा सोरा त्या काळी मुख्यतः भारतातून, बंगाल-बिहारकडून जात असे, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्रश्न होता ही दारू पेटवायची कशी? जुन्या पद्धतीत घोड्यात गारगोटी बसवलेली असे. ती पोलादावर आपटून ठिणगी पडे, बाहेरच्या खोलगट पात्रातली रंजक पेटे आणि तो जाळ नळीच्या कानातून आत जाई. रंजक पावसाने भिजली किंवा वाऱ्याने उडाली की बार फुसका.

स्कॉटलंडमधले एक धर्मगुरू, अलेक्झांडर फोर्सिथ, पाणपक्ष्यांची शिकार करत. रंजकेचा भडका पाहून पक्षी गोळी पोहोचण्याआधीच उडून जात. आघाताने पेटणारी रसायने तेव्हा ठाऊक झाली होती. फोर्सिथ यांनी ती बंदुकीसाठी वापरली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतले. पुढे त्यातून तांब्याची इवलीशी टोपी आली. तिच्या आत पाऱ्याचा फुल्मिनेट हा स्फोटक क्षार. टोपी पोकळ बोंडीवर बसवायची, घोडा तिच्यावर आदळला की जाळ थेट दारूत. दिवाळीत मुलांच्या पिस्तुलातल्या टिकल्यांचे तत्त्व हेच, रसायन तेवढे वेगळे. अमेरिकी लष्कराने ही पद्धत १८४० च्या दशकात स्वीकारली. शिकाऱ्यांकडे ती त्याआधीच येऊ लागली होती.

सेंट लुईसमधले जेकब आणि सॅम्युअल हॉकेन हे बंधू मूळचे मेरीलँडचे, बंदूक घडवणाऱ्याचीच मुले. पूर्वेकडची लांब, बारीक नळीची रायफल घोड्यावर अडचणीची आणि मोठ्या जनावराला अपुरी पडे. त्यांनी नळी आखूड केली, पण जाड आणि अष्टकोनी ठेवली. भोक अर्ध्या इंचाहून थोडे मोठे, वजन साडेचार किलोच्या घरात किंवा त्याहून जास्त. चाप दोन : मागचा ओढून ठेवला की पुढचा बोटाच्या नुसत्या स्पर्शाने सुटे.

आता टोपीची दुसरी बाजू. गारगोटी रानात सापडू शकते. तांब्याची टोपी सापडत नाही, आणि डोंगरात ती बनवताही येत नाही. माल येई वर्षातून एकदा, सेंट लुईसहून हजाराहून अधिक मैल चालत येणाऱ्या तांड्याबरोबर. १८२५ ते १८४० या काळात उन्हाळ्यात 'राँदेव्हू' नावाचा बाजार भरे. तिथे कातडी द्यायची आणि दारू, शिसे, टोप्या, कॉफी, दारूचे पिंप कंपनी सांगेल त्या चढ्या भावाने घ्यायचे. टोप्यांची डबी हरवली किंवा भिजली, तर उत्तम रायफल म्हणजे निव्वळ लोखंडी दांडा. म्हणूनच अनेकांनी गारगोटी सोडली नाही. स्थानिक आदिवासी जमातींना विकली जाणारी गुळगुळीत नळीची 'नॉर्थवेस्ट' बंदूक तर पुढे कित्येक दशके गारगोटीचीच राहिली. तिच्यात गोळीही चाले आणि छर्रेही. मागासलेपणापेक्षा त्यात व्यवहार होता.

हॉकेनची कीर्तीही जरा बेतानेच घ्यावी. अमेरिकन फर कंपनीने पेनसिल्व्हेनियातल्या हेन्री घराण्याच्या कारखान्यातून कितीतरी स्वस्त रायफली मागवल्या. आज शिल्लक असलेल्या बहुतेक हॉकेन १८४० नंतरच्या आहेत. तोवर बीव्हर विरळ झाला होता आणि शहरांत रेशमी टोपीची फॅशन आली होती. म्हणजे एका टोपीची मागणी सरली आणि दुसऱ्या टोपीवर जगणाऱ्या माणसांचा धंदा बसला.

जेकब १८४९ च्या कॉलऱ्यात सेंट लुईसमध्येच वारला. सॅम्युअल १८८४ पर्यंत जगला. तोवर दारू, गोळी आणि टोपी एकाच काडतुसात आली होती. जिम ब्रिजर या नामांकित शिकाऱ्याची हॉकेन मोंटानातल्या हेलेना इथल्या संग्रहात आहे. अशा बंदुकीपुढे कुणी उभे राहिले, तर माझी एक सूचना आहे. नळी आणि दस्ता पाहून झाल्यावर घोड्याखालची ती करंगळीच्या टोकाहून लहान बोंडी पाहावी. पर्वतातला एकटा माणूस आणि सेंट लुईसची पेढी यांना जोडणारा धागा तिथे होता.