आधी पाणी, मग रक्तदान

परभणीत मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, रक्तदान शिबिरं रोडावतात. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र तेव्हाही रक्त लागतंच. ‘रक्त दिलं की अशक्तपणा येतो’ ही भीती अगदीच निराधार नाही, पण तिचं कारण चुकीचं सांगितलं जातं. पिशवीत साधारण ३५० मिलिलिटर रक्त जातं आणि त्यातला द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून निघतो. भोवळ येते ती बहुधा रक्तदाब अचानक उतरल्यामुळे. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात तिचा धोका वाढतो. म्हणून आधी अर्धा लिटर पाणी, नंतर १५ मिनिटं विश्रांती, आणि त्या दिवशी शेतातली जड कामं बंद. तांबड्या पेशी भरून यायला आठवडे लागतात, लोहाला त्याहून अधिक. पुढच्या रक्तदानाआधी पुरुषांना ९०, स्त्रियांना १२० दिवस थांबायला सांगतात ते यासाठीच.