यादवी युद्धाचे अवशेष : आरागॉनमधील दोन स्थळे

स्पेनमधील यादवी युद्धाची (१९३६–३९) रणक्षेत्रे आरागॉन प्रदेशात विपुल आहेत. आल्कुबिएर्रेच्या डोंगरातील पुनर्रचित खंदकांकडे वाचक वळतो तो जॉर्ज ऑर्वेलच्या १९३८ मधील ग्रंथामुळे. तेथे शत्रूपेक्षा थंडीची व सरपणाची विवंचना मोठी होती, हे त्यास आधीच ठाऊक असते.

बेल्चितेचे तसे नाही. सप्टेंबर १९३७ मध्ये प्रजासत्ताकाच्या सैन्याने घरोघर लढून हे गाव घेतले. मार्च १९३८ मध्ये फ्रँकोच्या फौजांनी ते परत जिंकले. पुढे फ्रँकोने भग्न गाव तसेच राखविले व शेजारी नवे वसविले. अवशेषांनी शत्रूच्या क्रौर्याची साक्ष द्यावी, हा हेतू. म्हणजे येथील उद्ध्वस्तता ही विजेत्याने संपादित केलेली संहिताच होय. नव्या गावाच्या बांधकामावर पराभूत पक्षाचे कैदी राबले आणि काही रहिवासी १९६० नंतरही पडक्या घरांतच दिवस कंठीत होते, हे तीत अर्थातच येत नाही. सान मार्तीन चर्चचा विटांचा मनोरा मात्र मुदेहार शैलीचा, म्हणजे इस्लामी कारागिरीच्या परंपरेतील आहे. आपल्या लढ्यास ख्रिस्ती धर्मयुद्ध म्हणविणाऱ्या पक्षाच्या या स्मारकात आज प्रथम नजरेत भरतो तो तोच.